देवळाची मोकळी जागा

१

पांढऱ्या गोंदाचा थर तीन बाजूंनी गुळगुळीत होता. चौथ्या बाजूला त्याची कड नखाएवढी उचललेली होती. म्हणजे पातं तिथून आत शिरलं होतं, आणि ज्याने कुणी ते सरकवलं त्याने घाई केली नव्हती. वसुंधराने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक फळीला लागेल इतकी ती वाकली. लाकडाची एक ढलपीसुद्धा निघालेली नव्हती. व्हिनेगरने असा गोंद मऊ पडतो, आणि त्याचा पुसट वास येत होता.

“पोलिसांना फोन केला असता तर हसले असते,” मागे उभे असलेले दादाराव म्हणाले. “काय गेलं विचारलं तर काय सांगू? देऊळ गेलं?”

न्यूझीलंडच्या लोअर हटमधल्या त्यांच्या गॅरेजात गेल्या कित्येक वर्षांत गाडी शिरलेली नव्हती. मधोमध दाराएवढं टेबल होतं आणि टेबलावर एक नगर. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोक गलबतं घेऊन सिसिली बेटावर गेले आणि तिथे त्यांनी वसाहती वसवल्या. तसल्या एका वसाहतीचा हा मधला तुकडा. कुठलं एक खरं शहर नव्हे, तर दोन-तीन उत्खननांच्या नकाशांवरून दादारावांनी जुळवलेलं. त्यात समुद्र नव्हता, तट नव्हता. सरळ समांतर रस्ते, सगळ्यांना सारखे प्लॉट, मधे बाजाराचा चौक, आणि चौकाच्या कडेला देवाची जागा. घरं एकाच साच्यातून काढलेली, प्लास्टरची: एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला अंगण. देऊळ मात्र त्यांनी रिमू या इथल्या झाडाच्या जुन्या लाकडात हाताने कोरलं होतं. ग्रीक गवंडी कोपऱ्यातला खांब शेजारच्या खांबाच्या किंचित जवळ घेत, म्हणून दादारावांनीही घेतला होता. ते कुणाला दिसलं नसतं. त्यांना दिसत होतं.

त्या देवळाच्या जागी आता फिकट चौकोन उरला होता. समोरची वेदी, काडेपेटीएवढा एक ठोकळा, तीही नव्हती.

सोमवारी गावातल्या छोट्या म्युझियमची मार्गरेट व्हॅन घेऊन येणार होती. आज शनिवार. काल संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर होतं, असं दादाराव सांगत होते. रोलरचं दार आतून बंद. दुसरी वाट घरातूनच.

वसुंधरा तीन घरं सोडून राहायची आणि वजनं-मापं अचूक आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तिच्यासमोर उगाच बोलून भागत नाही, असं शेजारी म्हणत. म्हणूनच तिला बोलावलं होतं. तिने टेबलाला एक फेरी मारली. कोपऱ्यात उत्तर दाखवणारा पितळी बाण दोन स्क्रूंनी बसवलेला होता, टोक रोलरच्या दाराकडे. स्क्रूंच्या खाचेत पितळ ताजं चमकत होतं.

“टेबल खऱ्या दिशांना जुळवून ठेवलंय बरं का,” दादाराव अभिमानाने म्हणाले. “नगर आहे तसं बसलं पाहिजे.” त्यांची नजर त्या फिकट चौकोनावरून हलत नव्हती.

शैलाताई चहाचे मग घेऊन आल्या आणि दार वर सरकवायचं का विचारत स्वतःच नको म्हणाल्या. त्या दारातून ऊन जन्मात आत येत नाही, दक्षिणेचं वारं तेवढं येतं.

त्यांच्यामागून पुण्याचे पाहुणे आले. राजाराम हे दादारावांचे कॉलेजपासूनचे दोस्त, तेही आर्किटेक्ट, आता निवृत्त. मोजे घालून त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवलेल्या. त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला.

“दाद्या, एक सांगू का? देवळाशिवायच बरं दिसतंय. वसाहतीची पहिली पिढी देवाची जागा फक्त मोकळी राखून ठेवायची. देऊळ बांधायची ऐपत नातवंडांच्या वेळी यायची. तू पहिली पिढी दाखव. इतिहासाला धरून होईल.”

“गप बस, राजा,” दादाराव म्हणाले.

वसुंधरा निघाली तेव्हा शैलाताई फाटकापर्यंत आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “काल रात्री घरात आम्ही पाचच जण होतो, वसुंधराताई. चोर बाहेरचा नाही. आणि मला वाटतं, देवळासाठी हे झालेलंच नाही.”

२

शैलाताईंचं म्हणणं असं होतं.

तळेगावला चार दोस्तांनी मिळून शेजारी शेजारी चार प्लॉट घेतले होते, दादाराव न्यूझीलंडला आले त्याच्या आधी. तिघांची घरं उभी राहिली. चौथ्या प्लॉटवर गवत. निवृत्तीनंतर परत यायचं असं ठरलं होतं. निवृत्तीही होऊन गेली. विचारलं की दादाराव म्हणायचे, मॉडेल पुरं झालं की सांगतो. मॉडेल पुरं झालं. मग म्हणाले, म्युझियममध्ये गेलं की सांगतो. राजाराम मंगळवारच्या विमानाने परत निघणार होते आणि जाताना ते उत्तर घेऊनच जायला आले होते.

“मी कुठेही राहीन हो,” शैलाताई म्हणाल्या. त्यांनी इथल्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून नोकरी केली होती आणि लोकांची वाट पाहणं त्यांनी फार पाहिलं होतं. “पण इतकी वर्षं मी या अंगणात नुसत्या कुंड्या ठेवल्या. जमिनीत काही लावलं नाही. जायचं असेल तर कशाला लावायचं? राहायचं असेल तर राहायचं म्हणा. मॉडेल सोमवारी गेलं नाही, तर यांना पुन्हा निमित्त मिळेल. एवढंच मला कळतं.”

तेव्हा, वसुंधराने मनात मांडलं, प्रश्न दोन आहेत. देऊळ कुणी नेलं हा एक. आणि मॉडेल अडून राहिलं तर कुणाचं काय साधतं हा दुसरा. दादारावांना निमित्त हवं असेल तर पहिला संशय त्यांच्यावरच जातो.

अमेय, त्यांचा मुलगा, ऑकलंडजवळच्या टाकानिनीहून बायकोला घेऊन वीकेंडसाठी आला होता. तिथल्या नव्या वस्तीत त्याने घर घेतलं होतं आणि मागे आईबाबांसाठी एक सुटी खोलीही बांधून घेतली होती. तो सरळ बोलला. मॉडेल जावं, बाबा मोकळे व्हावेत, यापलीकडे त्याला काही नको होतं.

“मी उलट व्हॅनला धक्का मारला असता, मावशी. बाबांना मी गोंद लावताना लहानपणापासून बघतोय. आमच्या वस्तीत सगळी घरं सारखी आहेत म्हणून ते मला टोमणा मारतात, आणि इथे स्वतःच साच्यातून काढलेली घरं रांगेत बसवलीत. मी तसं म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत.”

त्याची बायको अक्षता ऑकलंडमध्ये जन्मलेली. छतावर सोलर पॅनल बसवणाऱ्या कंपनीत होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून. काल दुपारी गॅरेजात बराच वेळ तीच होती, हे तिने आपणहून सांगितलं.

“आय टुक हीप्स ऑफ फोटोज. पण टच नाही केलं, प्रॉमिस,” ती म्हणाली आणि फोन पुढे केला. “मला ते आवडतं. इट्स सो सेन्सिबल. सगळी घरं करेक्ट बसवलीत बाबांनी. आमचे डेव्हलपर्ससुद्धा एवढं बघत नाहीत.”

वसुंधराने फोटो भराभर सरकवले. देऊळ, खांब, वेदी, पुन्हा देऊळ. काल दुपारी सगळं जागेवर होतं, एवढंच त्यातून कळलं. ते फोटो तिने आपल्या फोनवर पाठवायला सांगितले, सवयीने.

व्हिनेगरची बाटली स्वयंपाकघरात ओट्याखाली होती. निम्मी भरलेली. शैलाताईंच्या आठवणीप्रमाणे ती नवीन होती.

पण बाटलीपर्यंत घरातल्या कुणाचाही हात पोहोचत होता.

३

राजाराम मागच्या अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. जुलैचा महिना, म्हणजे इथला हिवाळा; टेकड्यांवरून ऊन खाली यायला उशीर लागायचा आणि परतायला घाई असायची. वसुंधरा दुसरी खुर्ची ओढून बसली.

ते गप्पिष्ट होते. पुण्यातल्या कॉलेजचे दिवस, दाद्या आणि ते एका खोलीत कसे राहायचे, भीमजयंतीला रात्र जागून मंडपाची कमान दोघांनी कशी उभी केली आणि सकाळी ती कशी एका बाजूला कलली, हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. इथे येऊन आठ-दहा दिवस झाले तरी गडी रुळला नव्हता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी शैलाने दूध आणायला कोपऱ्यावरच्या डेअरीत पाठवलं. दक्षिणेला सरळ चालत जा, दुसरा कोपरा, असं तिने सांगितलं होतं.

“दुपारची वेळ. सूर्य दिसत होता. म्हटलं, सूर्य तिकडे म्हणजे दक्षिण तिकडे. चालत सुटलो. चालतोय, चालतोय, डेअरी काही येईना, नदी आली. शेवटी एका धिप्पाड माणसाने आपल्या गाडीत बसवून घरी आणून सोडलं. किआ ओरा म्हणाला, हा इथला नमस्कार. मी जय भीम म्हणालो. आमचं जमलं.”

वसुंधरा हसली.

“तेव्हापासून फोनमधला कंपास बघितल्याशिवाय मी फाटक ओलांडत नाही, मॅडम. बनियन वाळत घालायलासुद्धा कंपास. इथे सूर्यच उलटा चालतो त्याला आपण काय करणार?”

तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, दादारावांचं मॉडेल त्यांना कसं वाटलं. राजाराम पहिल्यांदाच जरा थांबले. देऊळ सुंदर होतं, म्हणाले. तसे खांब कोरणं येरागबाळ्याचं काम नव्हे. आणि घरं? घरं काय, साच्यातली, म्हणाले, आणि मोजे नीट करू लागले.

तळेगावचा विषय निघाला तसा त्यांचा आवाज बदलला. चौघांपैकी एक गेल्या वर्षी वारला. आता दोघंच उरलेत, संध्याकाळी ओट्यावर बसतात, आणि मधे तो गवताचा प्लॉट.

“मी त्याला न्यायला आलोय,” ते म्हणाले. “लपवून काय ठेवायचं?”

वसुंधरा उठली तेव्हा ऊन तिच्या मानेवर होतं, छान उबदार. घरी जाऊन ती स्वयंपाकघरातल्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली. हे घर घेताना तिने एकच हट्ट धरला होता: बसायची खोली उत्तरेला हवी. इथे सगळेच तो धरतात. घराच्या जाहिरातीत ते आधी लिहिलेलं असतं. हिवाळ्यात ऊन उत्तरेकडून येतं, आणि उत्तरेला बंद असलेल्या घरात भिंतींना बुरशी धरते.

तिने अक्षताचा फोटो उघडला, आणि हातातला कप टेबलावर ठेवून दिला. फोटोत देऊळ होतं, वेदी होती, आणि कोपऱ्यात पितळी बाणही होता. पण त्याचं टोक रोलरच्या दाराकडे नव्हतं. ते बरोबर उलट, घराच्या भिंतीकडे होतं.

४

त्या दारातून ऊन जन्मात येत नाही, दक्षिणेचं वारं येतं, असं शैलाताई म्हणाल्या होत्या. म्हणजे दार दक्षिणेला. टेबल खऱ्या दिशांना जुळवलेलं. कालच्या फोटोतला बाण खरी उत्तर दाखवत होता. आज सकाळी तो दक्षिणेला उत्तर म्हणत होता. स्क्रूंच्या खाचा ताज्या का चमकत होत्या हेही त्याबरोबर सुटलं.

तर मग एकाच रात्री तीन गोष्टी झाल्या होत्या. देऊळ गेलं, वेदी गेली, बाण फिरला. देऊळ विकायला किंवा शोभेला नेणारा माणूस तो ओबडधोबड ठोकळा कशाला उचलेल? मॉडेल अडवून ठेवायचं असेल तर बाण फिरवून काय मिळतं?

वसुंधराने तिन्हींमध्ये सामाईक काय हे शोधलं, आणि ते तिला लगेच सापडलं. ग्रीक देवळाचं तोंड पूर्वेला असतं आणि वेदी त्या तोंडासमोर. समुद्र नाही, तट नाही, नदी नाही. त्या टेबलावर दिशा सांगणाऱ्या गोष्टी एवढ्याच होत्या. देऊळ, वेदी, बाण. पहिल्या दोन काढल्या आणि तिसरी फिरवली, की अख्खं नगर जागचं न हलता फिरतं. देऊळ नुसतं उलटं करून चिकटवता आलं नसतं, कारण मग वेदी जिथे यायची तिथे रस्ता होता.

कुणाला तरी नगर फिरवायचं होतं. कशासाठी?

तिने फोटो मोठा करून या वेळी देवळाकडे न बघता घरांकडे पाहिलं. ओळीने अंगणं, सगळी एका दिशेला उघडी. उत्तरेला. किती नीट बसवलीत, हाच विचार पहिल्यांदा तिच्याही मनात आला, अक्षतासारखाच. आणि मग तिला हसू आलं, थोडं स्वतःचंही.

सिसिली उत्तर गोलार्धात आहे. तिथे हिवाळ्याचं ऊन दक्षिणेकडून येतं. ग्रीक माणूस खोल्या उत्तरेला बांधून त्यांच्या पाठीवर थंड वारा घ्यायचा आणि अंगण दक्षिणेला मोकळं ठेवायचा. दादारावांनी कोपऱ्यातला खांब केसाएवढा जवळ घेतला होता, आणि सूर्य मात्र अर्ध्या पृथ्वीवरून आणून त्या नगरावर टांगला होता. आयुष्यभर त्यांनी कौन्सिलात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, घरांचे नकाशे तपासले होते. हाताला दुसरं काही सुचलंच नाही.

आता प्रश्न सोपा होता. हे नगर चुकलेलं कुणाला दिसलं असतं? अक्षता इथेच वाढली. अमेयही. मार्गरेटने तर दुसरा सूर्य पाहिलेलाच नाही. शैलाताई मॉडेलकडे फारसं बघत नसत. वसुंधराला स्वतःला इथल्या वीस वर्षांनंतर ते बरोबरच वाटलं होतं. दादारावांना चूक दिसली असती, तर त्यांनी देऊळ काढलंच नसतं; अख्खी घरं उपटून पुन्हा लावली असती, तसा तो माणूस.

उरला एक. तो नुकताच आला होता, नकाशे वाचू शकत होता, आणि या सूर्याने त्याला नुकतंच चकवलं होतं. देवळाविना नगर कसं समजावून सांगायचं, याचं उत्तर त्याच्याकडे सकाळीच तयार होतं.

५

रविवारी सकाळी नदीच्या बांधावर राजाराम फिरायला निघाले तेव्हा वसुंधरा त्यांच्याबरोबर चालू लागली. तिने काही आरोप केला नाही. फोटो दाखवला आणि बाणावर बोट ठेवलं.

राजाराम जवळच्या बाकावर बसले.

“माझ्या बॅगेत आहे. शालीत गुंडाळून ठेवलंय,” ते म्हणाले. “एक खांब हलला नाही त्याचा. चार तास लागले, मॅडम. व्हिनेगर लावायचं, थांबायचं. लावायचं, थांबायचं.”

मग त्यांनी जे सांगितलं त्यातलं अर्धं वसुंधराने ओळखलंच होतं. म्युझियमवाले उद्घाटनाला विद्यापीठातला कुणी प्राध्यापक बोलावणार होते. त्याने एका नजरेत चूक धरली असती. सगळ्यांदेखत दाद्याची फजिती झाली असती. घरं काढायची तर महिने गेले असते. देऊळ काढलं की बाण फिरवून काम भागत होतं. मंगळवारी विमानात बसण्यापूर्वी ते मित्राला पहिल्या पिढीची गोष्ट पटवणार होते, आणि देऊळ जाताना शैलाच्या कपाटात ठेवून देणार होते.

“मग हे त्यांनाच का नाही सांगितलंत?” वसुंधराने विचारलं. “फजिती टाळायची होती तर चूक त्यांना एकट्याला गाठून सांगता आली असती.”

राजारामांनी पायाजवळचा एक खडा उचलून नदीत टाकला. पाणी कमी होतं, दगड दिसत होते.

“ते डेअरीचं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेलो. पाहिलं. पहिल्यांदा हसलोच. म्हटलं, गाढवाने नगर उलटं बांधलं. मग माझं हसू गेलं. चूक डोक्याची असती तर सांगितली असती, मॅडम. ही डोक्याची नाही. हा माणूस झोपेतसुद्धा अंगण उत्तरेला ठेवतो. मी त्याला तळेगावला न्यायला आलोय, आणि हा...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, “त्याने ते पाहिलं की त्यालाही कळेल. म्हणून नाही सांगितलं.”

वसुंधराला या माणसाचा राग आला नाही. पण शैलाताईंच्या कुंड्या तिला आठवल्या, आणि ती म्हणाली, “त्यांना कळू न देता तुम्ही त्यांचं उत्तर घेऊन जाणार होतात.”

“हो.”

“ते उत्तर तुम्हाला चाललं असतं?”

राजाराम उठले. त्यांनी खिशातून फोन काढला, कंपास पाहिला आणि घराच्या दिशेने चालू लागले. चालता चालता म्हणाले, “तुम्ही सांगा. माझ्या तोंडून निघणार नाही.”

“नगराचं मी सांगेन,” वसुंधरा म्हणाली. “देवळाचं तुम्ही.”

६

जेवणं झाल्यावर सगळे गॅरेजात जमले. राजारामांनी शाल सोडली आणि देऊळ टेबलाच्या कडेवर ठेवलं, शेजारी वेदी. कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, “मी काढलं, दाद्या.”

दादारावांनी आधी देऊळ हातात घेतलं. खांबांवरून अंगठा फिरवला. सगळे खांब शाबूत आहेत याची खात्री झाल्यावरच त्यांनी मित्राकडे पाहिलं, आणि त्या नजरेने अमेयसुद्धा एक पाऊल मागे सरकला.

“का?”

वसुंधराने पितळी बाण सोडवून पूर्वीसारखा, भिंतीकडे टोक करून बसवला. मग अमेयला दिवा घालवायला सांगितला आणि टेबललॅम्प उचलला.

“दादाराव, सिसिलीत हिवाळ्याच्या दुपारी सूर्य कुठे असतो?”

“दक्षिणेला. हे काय विचारणं झालं?”

ती रोलरच्या दाराशी गेली, नगराच्या दक्षिणेला, आणि लॅम्प खाली, टेबलाच्या पातळीपेक्षा थोडासाच वर धरला. उजेड घरांच्या बंद पाठींवर पडला. ओळीच्या ओळी पांढऱ्या भिंती उजळल्या आणि त्यांच्यापलीकडे प्रत्येक अंगण सावलीत बुडालं. एकाही खोलीच्या दारात उजेड पोचला नाही.

मग ती टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि लॅम्प तसाच धरला. सगळी अंगणं एकदम उजळली.

“वेट,” अक्षता म्हणाली. “देन इट्स रिव्हर्स्ड. ओह.” तिने तोंडावर हात ठेवला. “बाबा, तुम्ही आपला सूर्य लावलाय.”

दादाराव लॅम्पकडे आले, तो त्यांनी वसुंधराच्या हातातून घेतला आणि स्वतः दक्षिणेला जाऊन धरला. पुन्हा उत्तरेला आणला. पुन्हा दक्षिणेला नेला. राजारामांनी मग हळूच सगळं सांगितलं: गॅरेजात काय दिसलं, प्राध्यापक येणार होता ते, फजितीचं. नदीवर जे शेवटी बोलले होते तेही सांगितलं, थोडं अडखळत.

“आणि तू माझं देऊळ काढलंस,” दादाराव म्हणाले. “घरं माझी चुकली होती. शिक्षा देवळाला.”

“घरं तुझी चुकलेली नाहीत, दाद्या. घरं बरोबर आहेत. गाव चुकलंय.”

दादाराव हसले नाहीत. त्यांनी लॅम्प टेबलावर ठेवला, एका घराला बोट लावून ते हलतं का पाहिलं. हललं नाही. सोमवारची व्हॅन नको म्हणून मार्गरेटला कळव, त्यांनी अमेयला सांगितलं, आणि कारणही सांग, खरं तेच. घरं सगळी काढून फिरवायची आहेत, दोन हिवाळे लागतील. ते ऐकून शैलाताईंनी रिकामे मग गोळा करायला घेतले. त्यांचा चेहरा वसुंधराने पाहिला. दोन हिवाळे म्हणजे पुन्हा एक निमित्त, हे त्या मनात म्हणत होत्या, आणि चिडतही नव्हत्या, नुसत्या मग उचलत होत्या.

“शैला, थांब,” दादाराव म्हणाले.

त्या दारात थांबल्या.

दादाराव राजारामांकडे वळले, मग पुन्हा बायकोकडे. दोघांपैकी आधी कुणाला सांगायचं हे त्यांना ठरवता येईना असं दिसलं. शेवटी ते दोघांच्या मधे बघत बोलले.

“मॉडेल झालं की सांगतो, मॉडेल गेलं की सांगतो, असं करत राहिलो. मला वाटायचं मी विचार करतोय. विचार केव्हाच होऊन गेला होता, मला पत्ता नव्हता. राजा, तू सावकाश निघ, आणखी दोन दिवस राहा हवं तर. पण तळेगावची ती जागा आता अडवून ठेवू नकोस. ज्याला तिथे राहायचंय त्याला दे. शैला, आपण परत जायचं नाही. आपण इथंच राहायचं.”